छोटा हर्निया असताना पुन्हा वजनं उचलायला सुरुवात कशी करायची

आधी एक करून बघा. सकाळी उपाशीपोटी सतरंजीवर उताणे झोपा, गुडघे वर घ्या, पाय जमिनीवर टेकवा आणि जिथे फुगवटा येतो तिथे दोन बोटं हलकी ठेवा. झोपल्यावर गाठ आपोआप आत गेली किंवा बोटांनी हळूच दाबल्यावर न दुखता गेली, आणि खोकल्यावर बोटांना नुसता धक्का जाणवून परत सपाट झालं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. गाठ आत जातच नसेल किंवा हात लावला तरी कळ येत असेल तर आज हे वाचायचं बाजूला ठेवा आणि सर्जनकडे जा, जिमचं नंतर बघू.

मला हा फुगवटा सापडला ४४व्या वर्षी, डाव्या जांघेत, अंघोळ करताना. सुपारीएवढा. दुखत अजिबात नव्हता म्हणून मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही आणि जिमही तशीच चालू ठेवली, दुखणं अंगावर काढायची आपल्याकडे सवयच असते. तेव्हा मी १४० किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं) मारत होतो. मग एक दिवस सेट झाल्यावर तो सुपारीचा लिंबाएवढा झाला आणि झोपल्याशिवाय आत जाईना, तेव्हा घाबरून डॉक्टर गाठला. सोनोग्राफी झाली, सर्जननी उभं करून खोकायला लावलं, झोपवून तपासलं आणि म्हणाले छोटा इंग्वायनल, म्हणजे जांघेचा, हर्निया आहे, आत जातोय, लगेच कापाकापीची गरज नाही, लक्ष ठेवू. व्यायामाचं विचारलं तर म्हणाले करा, पण कुंथायचं नाही.

कुंथायचं नाही. तेव्हा मला वाटलं होतं हे काय डॉक्टरी उत्तर, किती किलो उचलू ते सांगा ना. आता जवळजवळ वर्ष झाल्यावर कळतंय की ह्या एका शब्दात सगळं आलं होतं. किलोचा आकडा कुणीच सांगू शकत नाही, कारण ४० किलो श्वास सोडत उचलणं आणि १५ किलो दम कोंडून, वाकून, चेहरा लाल करून उचलणं ह्यात पोटाला दुसरं जास्त जड जातं.

नेमकं काय झालेलं असतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. पुरुषांत वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका जिथून पोटाबाहेर पडतात तिथे जांघेत एक तिरकी वाट असते, ती जागा मुळातच कच्ची. काहींची जन्मापासून पूर्ण बंद झालेली नसते, काहींची मागची भिंत वयानुसार सैल पडते. आतून दाब आला की पोटातली चरबी किंवा आतड्याचा तुकडा त्या वाटेने बाहेर डोकावतो. जुनी माणसं ह्यालाच अंतर्गळ म्हणायची, आमच्या कोल्हापुरात तालमीत वस्ताद लहान पोरांना दम द्यायचे, लंगोट आवळून बांध नाहीतर आतडं उतरंल. हे दुर्मिळ नाहीये, साधारण चार पुरुषांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, बायकांत शंभरात तिघींना, त्यामुळे लाजण्यासारखं ह्यात काही नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा, व्यायामाने हे भोक बुजत नाही. स्नायू मजबूत होतील, दाब सांभाळायला शिकाल, पण फाटलेला पडदा जोर-बैठकांनी शिवला जात नाही. तेल लावून, पट्टा बांधून, काढा पिऊन हर्निया बरा करू म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. तान्ह्या बाळाच्या बेंबीचा हर्निया बऱ्याचदा आपोआप बंद होतो, मोठ्या माणसाचा होत नाही.

सुरू करण्याआधी डॉक्टरकडून काय हवं

नुसतं "व्यायाम करू का" विचारू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सरळ सांगा की मी स्क्वॉट डेडलिफ्ट करतो, एवढी एवढी वजनं उचलतो. मग विचारा: हर्निया कुठल्या प्रकारचा आहे, पूर्ण आत जातोय का, भोक केवढं आहे, दुसऱ्या बाजूला पण आहे का. प्रकार महत्त्वाचा का, तर जांघेच्या थोडं खाली, मांडीच्या वरच्या टोकाला येतो तो फेमोरल हर्निया, बायकांत जास्त दिसतो आणि तो अडकण्याची भीती बरीच जास्त, त्यात थांबून बघू हा मार्गच नाही, ऑपरेशन करून घ्यायचं. बायकांनी म्हणूनच जांघेतली कुठलीही गाठ सोनोग्राफीशिवाय साधी समजू नये. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यातून आलेला हर्निया हे पण वेगळं प्रकरण, ते सर्जन सांगतील तसंच. मी जे लिहितोय ते जांघेच्या किंवा बेंबीच्या छोट्या, आत जाणाऱ्या, न दुखणाऱ्या हर्नियाबद्दल, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

थांबणं धोक्याचं नाही का? मलाही झोप लागत नव्हती ह्या विचाराने. अमेरिकेत सातशेवीस पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, त्यात फार त्रास नसलेल्या हर्नियावाल्यांपैकी अर्ध्यांचं ऑपरेशन केलं आणि अर्ध्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. थांबलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोघांपेक्षाही कमी निघालं. म्हणजे घाई नाही. पण त्याच लोकांचा दहा वर्षांनी हिशोब घेतला तेव्हा थांबलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलेलं होतं, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. हे दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवा, पहिल्याने भीती जाते आणि दुसऱ्याने आपण कायमचे सुटलो असं वाटत नाही.

हे पाठ करा, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा: गाठ बाहेर आली आणि झोपूनही आत जात नाही, कडक झाली, सतत दुखतेय, वरची कातडी लाल किंवा काळपट दिसतेय, उलटी होतेय, पोट फुगलंय, गॅस किंवा शौच बंद झालंय, ताप आलाय. ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, जोर लावून गाठ आत ढकलत बसायचं नाही, काही खायचं प्यायचं नाही, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत जिवावर बेततं.

श्वास, ह्याच्यावरच सगळं उभं आहे

पोटातला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आपलं बीपी मोजतात तसाच. २००५ मध्ये वीस तरुण निरोगी लोकांच्या पोटातला दाब मोजून पाहिला होता, नुसतं उभं राहिल्यावर साधारण २०, आणि खोकल्यावर शंभरच्या पुढे, उडी मारल्यावर त्याहून जास्त. म्हणजे रात्रभर खोकणारा माणूस पोटाच्या त्या कच्च्या जागेवर जे धक्के मारतो ते श्वास सोडत उचललेल्या हलक्या डंबेलपेक्षा कितीतरी मोठे असतात. पण पॉवरलिफ्टिंगमध्ये आपण जे शिकलो, पोटभर हवा घ्यायची, कोंडायची, पट्ट्यावर पोट दाबायचं आणि मग उचलायचं, त्यात दाब २०० च्याही वर जाऊ शकतो. पाठीचा कणा वाचवायला ही पद्धत उत्तम आहे, जांघेतल्या भोकाला मात्र तीच वाईट. ही सवय मोडणं हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, मला दोन महिने लागले, कारण हात आपोआप तेच करायला जातात.

नवीन पद्धत अशी. उचलायच्या आधी नाकाने श्वास घ्या, पण पोट टम्म फुगवून नाही, बरगड्या बाजूला पसरतील असा. मग लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळतो ते हलके वर ओढा, खालचं पोट किंचित आत. ज्या क्षणी जोर लागणार त्याच्या थोडं आधी दातांतून "स्स्स्स" असा आवाज करत हवा सोडायला लागा, आणि सगळ्यात अवघड जागा पार होईपर्यंत सोडत रहा. खाली येताना श्वास घ्या. आवाज यायला हवा, कारण आवाज थांबला म्हणजे दम कोंडला गेलाय हे लगेच कळतं. मी पहिले पंधरा दिवस हे जिममध्ये केलंच नाही, घरी खुर्चीवरून उठताना, पाण्याची कळशी उचलताना, बुटाची लेस बांधून उभं राहताना केलं. बायकोला वाटायचं कुकरची शिट्टी गळतेय.

एक परीक्षा सांगतो. सेट चालू असताना कुणी नाव विचारलं तर उचलता उचलता सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर वजन जास्त आहे, मग ते कितीही किलो असो.

पहिले सहा आठवडे

तीन ते चार आठवडे जिमला हातच लावू नका असं मी म्हणेन, किंवा जा पण ट्रेडमिलवर चालायला जा. रोज चालणं, आणि जमिनीवरचे चार व्यायाम: उताणं झोपून कंबर वर उचलायची तो ग्लूट ब्रिज, उताणं झोपून उलटसुलट हात पाय लांबवायचे तो डेड बग, घोडा होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा तो बर्ड डॉग, आणि गुडघे टेकवून साइड प्लँक. सगळ्यात तोच स्स्स. डेड बग करताना दोन बोटं जांघेवर ठेवा, पाय लांब नेताना तिथे फुगवटा जाणवला तर पाय कमी लांब न्या, गुडघा वाकलेलाच ठेवा. हे व्यायाम दिसायला किरकोळ आहेत आणि १४० उचलणाऱ्या माणसाला करताना जड जातं, पण इथेच पोट दाब सांभाळायला परत शिकतं, म्हणून टाळू नका.

मग डंबेल आणि मशीन. आठवड्याला तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. नियम एकच धरा की दहा ते पंधरा रेप, म्हणजे सलग तेवढ्या वेळा उचलणं, होतील असं वजन घ्यायचं आणि अजून चार रेप निघाले असते अशा वेळी सेट थांबवायचा. शेवटचा रेप थरथरत, चेहरा वेडावाकडा करत काढायचा नाही, कुंथणं तिथेच होतं. मी बेंचवर बसून उठायचा गॉब्लेट स्क्वॉट १२ किलोच्या एका डंबेलने सुरू केला, छातीशी धरून. बेंच मुद्दाम जरा उंच, कारण फार खाली बसलं की मांडी पोटावर दाबते आणि गाठ बाहेर यायला बघते. छाती टेकवून रो, बसून लॅट पुलडाउन, तिरप्या बेंचवर डंबेल प्रेस, लेग कर्ल, एका पायावर जोर घेत स्प्लिट स्क्वॉट, बायसेप ट्रायसेपचं बसून जे काय असेल ते. बसून किंवा टेकून केलेल्या व्यायामात पोटावर कमी ताण येतो म्हणून सुरुवात तिथून.

दोन सेटच्या मधे मी उभा रहात नाही. मॅटवर उताणा झोपतो, गुडघे वर, मिनिटभर. त्यात गाठ असेल तर आपोआप आत जाते. सुरुवातीला लोक बघायचे, आता कुणी बघत नाही. आणि शक्यतो सकाळी करा, पोट साफ झाल्यावर, लघवी करून, कारण दिवसभर उभं राहून संध्याकाळी फुगवटा तसाही जास्त असतो. भरपेट जेवून तर नाहीच.

आता माझी चूक सांगतो, कारण ही कुणीच सांगत नाही. सहाव्या आठवड्यात सगळा व्यायाम छान झाला, गाठ जागच्या जागी, आणि निघताना मी दुसऱ्याने जमिनीवर टाकलेली २० किलोची प्लेट उचलून रॅकला लावायला गेलो. कमरेतून वाकलो, एका हाताने, तोंडाने कुणाशी तरी बोलत होतो ते बोलणं थांबवून दम धरला आणि उचलली. डाव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं स्पष्ट वाटलं. हात लावला तर लिंबाएवढा गोळा. तिथेच बेंचवर झोपलो, गुडघे छातीकडे घेतले, हळूहळू श्वास, दोन मिनिटांनी गेला आत. त्या दिवशीपासून कानाला खडा. सेटमधे आपण नीट वागतो आणि सेटच्या बाहेर विसरतो, प्लेटा काढणं, डंबेल रॅकवरून उचलणं, बेंच सरकवणं, प्रेस झाल्यावर डंबेल जमिनीवर ठेवायला वाकणं, हे पण उचलणंच आहे आणि तिथे पण स्स्स लागतो. जड डंबेल कुणाकडून तरी हातात घ्या. मागायला संकोच करू नका, सांगा हर्निया आहे.

तेव्हाच्या आमच्या ट्रेनरने मला सल्ला दिला होता की पट्टा आवळून बांध आणि कर बिनधास्त. हा सल्ला अनेकांना मिळतो म्हणून नीट लिहितो. लिफ्टिंग बेल्टचं कामच पोटातला दाब वाढवणं आहे, त्याने कणा घट्ट होतो, पण तो दाब वाट काढतो खाली जांघेकडे, जिथे पट्टा नसतोच. हर्नियाचा पट्टा वेगळा असतो, त्याला जांघेवर गादी असते, तो झोपून गाठ आत गेल्यावरच बांधायचा आणि डॉक्टरांनी सांगितला तरच. बाहेर आलेल्या गाठीवर पट्टा आवळणं धोक्याचं आहे. लंगोटाचं पण तेच, आधार वाटतो, मी घालतो सुद्धा, पण त्याच्या भरवशावर वजन वाढवत नाही.

बार परत हातात घेताना

दोन महिने डंबेलवर गाठ शांत राहिली तरच. पहिल्यांदा रिकामा बार, २० किलो, आणि तो जमिनीवरून उचलायचा नाही, रॅकमधे मांडीच्या उंचीला ठेवून तिथून घ्यायचा. रोमानियन डेडलिफ्ट इथे सगळ्यात कामाचा, बार हातात धरून पाठ सरळ ठेवत कमरेतून पुढे झुकायचं आणि परत उभं राहायचं, गुडघ्याच्या खालपर्यंतच जायचं, वर येताना श्वास सोडायचा. बॉक्स ठेवून स्क्वॉट. बेंच प्रेस पाय जमिनीवर टेकवून, पण पाठीचा मोठा पूल न करता. ओव्हरहेड प्रेस बसून, आधी डंबेलने.

वाढवायचं कसं? मी आठवड्याला एकाच व्यायामात अडीच किलो वाढवतो, दोन्ही बाजूला सव्वा सव्वाची प्लेट, त्याहून जास्त नाही, आणि वाढवायच्या आधी तीन वेळा तपासणी: व्यायाम संपल्यावर उभं राहून, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी सकाळी उताणं झोपून. तिन्ही वेळा नेहमीसारखं असेल तर पुढच्या आठवड्यात वाढ. एकदा जरी फुगवटा नेहमीपेक्षा मोठा वाटला किंवा जांघेत ओढल्यासारखं जड जड वाटलं तर दोन आठवडे मागचं वजन. वहीत मी व्यायामाच्या पुढे एक रकाना केलाय, त्यात फक्त शून्य, एक किंवा दोन लिहितो. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे फुगवटा आला पण झोपल्यावर लगेच गेला, दोन म्हणजे दुखलं किंवा हाताने ढकलावं लागलं. दोन आला की तो व्यायाम बंद आणि डॉक्टरला फोन. लेग प्रेसला माझा सलग दोन वेळा एक आला, गुडघे छातीशी येतात आणि पोट चेपलं जातं त्यामुळे असेल, मी तो सोडूनच दिला. तुमच्या वहीत दुसरं काहीतरी निघेल, प्रत्येकाची वाट वेगळी असते, म्हणून वही हवीच.

सात महिन्यांत मी २० वरून ८० किलोच्या रोमानियन डेडलिफ्टला आलो, आठ रेप, बोलता येतील असे. १४० परत कधी? बहुतेक ऑपरेशन झाल्याशिवाय नाही, आणि ते मी मान्य केलंय. एका रेपचं मॅक्स काढणं, स्पर्धा, जमिनीवरून जड डेडलिफ्ट, क्लीन आणि स्नॅच, बॉक्स जंप, सिट अप, लटकून पाय वर उचलणं, अॅब रोलर, हे सगळं हर्निया अंगात असेपर्यंत बाजूला ठेवा. आणि योगवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कपालभाती, भस्त्रिका आणि नौली पण. आपल्याकडे प्राणायाम म्हणजे सगळ्याला चालतोच असं धरून चालतात, पण कपालभातीत पोटाला झटक्यामागून झटके बसतात, हर्नियाला ती नकोच. अनुलोम विलोम करा, काही प्रश्न नाही.

जिमच्या बाहेर

तासभर जिममध्ये नियम पाळून उरलेले तेवीस तास कुंथत काढले तर उपयोग काय. सगळ्यात मोठं म्हणजे बद्धकोष्ठ. प्रोटीन पावडर, अंडी, चिकन, पनीर ह्यावर भर देणारे आपण लोक भाजी आणि पाणी कमी घेतो आणि सकाळी संडासात जोर लावतो, ते रोजचं कुंथणं डेडलिफ्टपेक्षा वाईट. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, रात्री इसबगोल, दिवसभर पाणी. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट ठेवा, गुडघे वर आले की जोर लावावा लागत नाही. पन्नाशीच्या पुढच्यांना लघवीला जोर द्यावा लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्या, तो पण दाबच आहे.

खोकला झाला की जिम बंद. पावसाळ्यात मला दहा दिवस खोकला होता तेव्हा मी फक्त चाललो, खोकला आला की उशी जांघेवर दाबून धरायचो. सिगारेट ओढत असाल तर खोकल्यासाठी आणि शरीरातल्या पडद्यांच्या ताकदीसाठी, दोन्हीसाठी ती सोडा, ऑपरेशन झाल्यावरही हर्निया परत येण्यात तिचा हात असतो. बेंबीचा हर्निया असणाऱ्यांनी पोटाची चरबी कमी करणं हे वजनं उचलण्याच्या आधीचं काम समजा.

घरातली वजनं पण मोजा. भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतो, पाण्याचा जार वीस, तांदळाचं पोतं पंचवीस, स्कूटर मेन स्टँडला लावताना तर मागून हिसका द्यावा लागतो, साइड स्टँड लावा. सिलेंडर मी आता उचलत नाही, तिरपा करून कडेवर गोल फिरवत नेतो, किंवा मुलाला हाक मारतो. गणपतीत मूर्ती उचलायला सगळ्यात पुढे मी असायचो, ह्या वर्षी टाळ घेतला.

ऑपरेशनचं कधी ठरवायचं

वहीतले एक वाढायला लागले, सुपारीचा लिंबू कायमचा झाला, आत जायला वेळ लागतोय, संध्याकाळी जांघ ठणकते, किंवा उद्या काय उचलावं लागेल ह्या विचाराने दिवस जातोय, तर वेळ झाली. हे हरणं वगैरे नाही, गाठ लहान आणि मोकळी असताना ठरवून केलेलं ऑपरेशन अडकल्यावर घाईत केलेल्यापेक्षा कधीही सोपं. उघडं करून जाळी बसवतात किंवा दुर्बिणीने, आणि आपल्या पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांची बिनजाळीची पद्धत पण आहे, त्यात जवळच्याच पडद्याची पट्टी वापरून मागची भिंत भक्कम करतात, २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि देसर्डा रिपेअर ह्याच नावाने बाहेरच्या देशांतही ओळखली जाते. तुमच्यासाठी कुठली, ते सर्जनशी बोलून, त्यांचा हात ज्या पद्धतीत बसलाय त्याला महत्त्व द्या. ऑपरेशननंतर महिनोन्महिने झोपून राहायचे दिवस गेले, २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात की सहन होईल तशी नेहमीची कामं लगेच सुरू करा. जड वजनांची तारीख मात्र तुमच्या सर्जनकडूनच घ्या, आणि परत सुरुवात डेड बग आणि १२ किलोच्या डंबेलपासूनच करा.

मेडिक्लेमचं आजच बघून ठेवा. बऱ्याच पॉलिसीत हर्नियाला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, आणि निदान झालेलं असताना नवीन पॉलिसी घेताना ते लपवलं तर नंतर क्लेम अडकतो. माझी पॉलिसी जुनी आहे म्हणून मला घाई नाही. दर सहा महिन्यांनी सर्जनला दाखवतो, जाताना वही घेऊन जातो, मागच्या वेळी त्यांनी पानं उलटून बघितली, खोकायला लावलं आणि म्हणाले आहे तेवढाच आहे, चालू द्या.